आधी आवाज, मग हात

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी कंपनीने दिली. सोबत एक कप. कपावर 'नव्या तंत्राचे आम्ही सारथी' असं छापलंय. दोन्ही वस्तू फेकून देणार होतो. कप बायकोने ठेवून घेतला आणि डायरी डॉक्टरांमुळे वाचली. रक्तदाब मोजताना ते म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहा." बोललो की ही स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते, म्हणून लिहून बघतो.

तर राग असा. अर्धं आयुष्य मी क्रेनच्या केबिनमध्ये काढलं. खाली यार्डात लोखंडी पाइपांचे गठ्ठे, वर आमची क्रेन आणि तिच्या पोटाशी टांगलेली माझी काचेची खोली. मान खाली घातली की ट्रक, माणसं, कुत्री, सगळं पायाखाली दिसायचं. आजपासून मी ऑफिसच्या मागच्या खोलीत, गुबगुबीत खुर्चीत, तीन पडद्यांसमोर. क्रेनवरचे कॅमेरे चित्र पाठवणार, ते बघून मी इथले दांडे हलवायचे आणि तिकडे क्रेन हलणार. शेजारी झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. ते चालू झालं की माझं टेबल थरथरतं.

आणि हे सगळं कुणाच्या कृपेने? माझ्या मेहुण्याच्या. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला मी लावलं, खालचं काम मी शिकवलं. गठ्ठ्याला पट्टे बांधायचे, हुक अडकवायचा, मग मला हाताने इशारा करायचा. बोट वर करून गोल फिरवलं की उचला, तळहात आडवा फिरवला की थांबा. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, पडद्यावर कोण जाईल? सगळे मूग गिळून बसले होते. हा उभा राहिला आणि म्हणाला, "दाजींना शिडी चढताना त्रास होतो. त्यांना घ्या." सगळ्यांसमोर! माझे गुडघे म्हणजे काय चव्हाट्यावर मांडायची वस्तू आहे?

हिला सांगितलं तर म्हणते, "पुढच्या महिन्यात तुमची तपासणी होती. गुडघे बघून सरळ घरी बसवलं असतं. माझ्या बारक्या भावाने विचार करूनच सांगितलं असेल." माहेरचं कुत्रं भुंकलं तरी हिला ते गातंय असं वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चित्र अडखळतं. मेहुण्याचा हात हुकाकडे जातो आणि तिथेच थिजतो. वरती गोल फिरणारं चक्र येतं. चक्र गेलं की हा एकदम चार पावलं लांब उभा दिसतो. मधे काय झालं ते देवाला ठाऊक. मी दांडा सोडून हातावर हात ठेवून बसतो. ट्रकवाले हॉर्न वाजवून कान किटवतात.

शेवटी चष्मेवालीला बोलावलं. ही कंपनीची इंजिनिअर, वयाने माझ्या मुलीएवढी असेल. जाड भिंगांतून तुमच्याकडे बघते आणि एकेक शब्द मोजून टाकते.

म्हणाली, "काका, क्रेन रुळांवरून सारखी फिरते. तिला केबल बांधता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यांमध्ये मोबाइलचं सिम घातलंय. तुमच्या फोनवर व्हिडिओ येतो ना, तसंच हे चित्र टॉवरवरून येतं. गेटवर ट्रकवाले नंबर लागेपर्यंत फोनवर सिनेमे बघत बसतात. टॉवर तोच. गर्दी झाली की आपलं चित्र अडकतं."

म्हणजे एवढा मोठा गठ्ठा मी हवेत न्यायचा, आणि तो मला दिसणार की नाही हे गेटवरच्या कुठल्यातरी ड्रायव्हरच्या सिनेमावर अवलंबून! मी म्हणालो, "मग फोन काढून घ्या त्यांचे." ती हसली. "यार्डापुरता वेगळा टॉवर मागितलाय मी. साहेब म्हणतात पुढच्या वर्षी बघू." जाताना पुन्हा हसली. मला कामाच्या जागी हसणारी माणसं आवडत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं, चित्र सरळ चालणार नसेल तर मी दांड्याला हात लावणार नाही. काय करायचं ते करा. साहेबांनी चष्मेवालीला बोलावून घेतलं.

ती म्हणाली, "अडखळणं बंद करता येईल. आलेलं चित्र लगेच दाखवायचं नाही, आधी थोडं साठवायचं आणि मग दाखवायचं. मधेच टॉवर गडबडला तरी साठ्यातलं चालू राहतं. पण काका, मग तुम्हाला दिसेल ते आत्ताचं नसेल. थोडं मागचं असेल."

"किती मागचं?" साहेबांनी विचारलं.

"गर्दीवर आहे. गर्दी वाढली की साठा आपोआप वाढतो. सिनेमाला हे चालतं, सर. क्रेनला नको. माझं म्हणणं, अडखळू दे. अडखळलं की काका निदान थांबतात तरी."

मी म्हणालो, "थोडं मागचं म्हणजे कालचं तर नाही ना दाखवणार?"

साहेब मोठ्याने हसले. या वेळी चष्मेवाली हसली नाही. साहेबांनी तिला सांगितलं, लोडिंग थांबता कामा नये, काकांना हवं तसं करून द्या. ती काहीतरी बोलायला गेली, तोवर साहेबांनी फोन उचलला होता. बऱ्याच दिवसांनी या कंपनीत माझं कुणी ऐकलं. येताना जिन्यावर गुडघासुद्धा दुखला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्र लोण्यासारखं चाललंय. एकदाही अडकलं नाही. उगीच दहा दिवस छळलं मला. करता येत होतं तर आधीच करायचं होतं.

एकच खोट आहे. चष्मेवालीने पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका बसवलाय. चित्र मागे पडलं की पिवळा होतो, फार मागे पडलं की लाल. तो दिवसभर पिवळाच असतो आणि दुपारी ट्रकांची रांग लागली की लाल. समोर चित्र असं झकास चाललेलं आणि कोपऱ्यात हा डोळे वटारून बसलेला. गुडघ्याला लावायची चिकटपट्टी खिशात होती. तिचा एक तुकडा त्याच्यावर लावला. आता शांतता आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याला काय झालंय कळत नाही. वॉकीटॉकीवर "उचला" म्हणून ओरडतो आणि हात खाली सोडून नुसता उभा राहतो. मग मनात येईल तेव्हा बोट वर करतो. आधी आवाज, मग हात. मी याला शिकवलं होतं, तोंड आणि हात एकदम चालले पाहिजेत. केबिनमध्ये होतो तेव्हा याचा इशारा कसा खणखणीत असायचा. आता मी वरून बघत नाही म्हटल्यावर सैलावलाय.

मीही पक्का आहे. तोंडाकडे लक्षच देत नाही. बोट दिसलं की उचलतो, तळहात दिसला की थांबतो. आणि वर हाच मला म्हणतो, "दाजी, थांबायला उशीर होतोय." मी त्याचा हात दिसल्या क्षणी दांडा सोडतो. उशीर कुणाचा?

आज तर कहर झाला. वॉकीटॉकीवर जोरात शिंकला. पडद्यावर बघतो तर हा सरळ उभा, गठ्ठ्याला टेकून. मग जरा वेळाने कमरेत वाकून पुन्हा शिंकला, तेही आवाज न करता. सर्दी झाली असेल तर घरी बसावं. यार्डभर शिंकत फिरायचं काय कारण?

मी माइकवर म्हणालो, "तोंड आणि हात एकत्र चालव."

"एकत्रच चालतात, दाजी," म्हणाला. उलट उत्तर देताना मात्र अजिबात उशीर नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिने भावाला जेवायला बोलावलं होतं. मला न विचारता. मी ताटावर बसलो तर हा समोर. जेवण अर्ध्यावर आलं. मग यानेच सुरू केलं.

"दाजी, रागावू नका. मला वाटतं मी तुम्हाला उशिरा दिसतो."

"मला तू अजिबात दिसला नाहीस तरी चालेल," मी म्हणालो.

"तसं नाही. मी थांबा म्हटलं की तुम्ही पडद्याकडे न बघता थांबत जा. एवढंच म्हणतोय."

"म्हणजे आता क्रेन तू चालवणार? आधी मला खाली उतरवलंस, आता दांडाही हातात पाहिजे?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. ही म्हणाली, "त्याच्या हातावर तुमचा गठ्ठा असतो. त्याचं ऐकायला काय जातं तुमचं?" मी म्हणालो, माझं काय जातं ते तुम्हा बहीणभावाला नाही कळायचं. हा हात धुऊन निघून गेला. त्याचं ताट तसंच राहिलं. ही रात्री उशीवर डोकं ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मला वाटलं, बरं झालं, निदान बडबड तरी नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांकडे मेहुण्याची तक्रार केली. ही तिसरी. साहेबांनी विचारलं, नक्की काय? मी म्हणालो, इशारा उशिरा देतो, बेफिकीर आहे, त्याला दुसऱ्या कामावर टाका. साहेब म्हणाले, मोठी ऑर्डर निघून जाऊ दे, मग बघतो. बाहेर आलो तर छाती फुगली होती. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं, कारण हा लहान असताना माझ्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसायचा. पण कामात नातं आणायचं नसतं.

दुपारी चष्मेवाली खोलीत आली. पडद्यावरची चिकटपट्टी बघून तिचा चेहरा पडला. तिने ती नखाने खरवडून काढली. खाली ठिपका लाल होता.

"काका, हा कधीपासून झाकलाय?"

"डोळ्यात खुपतो."

"खुपायलाच लावलाय तो! लाल झाला की काम थांबवायचं, हे सांगितलं होतं मी."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. तुम्ही झेरॉक्सवाल्याशी भांडत होतात."

ती तरातरा साहेबांकडे गेली आणि तशीच परत आली. साहेबांनी तिलाही मोठ्या ऑर्डरचंच सांगितलं असणार. ती गेल्यावर मी नवी पट्टी लावली.

८ मार्च, शनिवार

गुडघा ठणकतोय. कुणाला सांगणार नाही.

१२ मार्च, बुधवार

मोठ्या ऑर्डरचा दिवस. गेटपासून वळणापर्यंत ट्रक.

लिहितो, कारण बोलायला घरात कुणी नाही. ही दवाखान्यात आहे.

जेवणानंतरचा पहिला गठ्ठा. वॉकीटॉकीवर मेहुणा म्हणाला, "उचला." मी नेहमीसारखा बोटाची वाट बघत बसलो. पडद्यावर हा पट्टा ओढून बघत होता. मग आवाज आला, "थांबा दाजी, पट्टा सरकलाय." पडद्यावर तर हा तेव्हा कुठे मागे सरकून उभा राहत होता. मला वाटलं, याचं एक काही ठरत नाही, उचला म्हणतो, थांबा म्हणतो. आणि तेवढ्यात याने बोट वर केलं आणि गोल फिरवलं. स्वच्छ दिसलं मला. म्हटलं, ठरलं एकदाचं. मी दांडा ओढला.

मग तो ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पडद्यावर तो उभा होता. बोट वर, नजर हुकाकडे, अंगाला कुठे धक्का नाही. मला वाटलं, सोंग करतोय. असं वाटलं मला, हे मी लिहून ठेवतो. मग दुसऱ्या कुणाचे तरी आवाज आले, सोड, सोड, आणि मी दांडा सोडला.

आणि त्यानंतर मला ते दिसलं. मेहुण्याने बोट खाली घेतलं. तळहात आडवा फिरवला, जसा मी शिकवला तसा. हुकाकडे पाहिलं. हुक हलत नव्हता. तो पुढे आला, वाकला आणि सरकलेला पट्टा नीट करायला हात खाली घातला. मी माइकमध्ये ओरडत होतो, हात काढ, अरे हात काढ. दांडा मी केव्हाच सोडलेला होता. पडद्यावर पट्टा हळूहळू ताठ झाला.

१३ मार्च, गुरुवार

उजव्या हाताची तीन बोटं काढली.

ही घरी येऊन कपडे घेऊन गेली. कपाटाचं दार उघडं टाकून गेली. मी विचारलं, जेवलीस का? तोवर ती चप्पल घालून निघाली होती.

१५ मार्च, शनिवार

साहेबांनी बोलावलं. स्वतः उठून खुर्ची सरकवली, चहा मागवला. म्हणाले, "चौकशी होणार. घाबरायचं कारण नाही. तुमच्या तीन तक्रारी आहेतच. मेहुण्याचा इशारा उशिरा यायचा, हे तुम्ही आधीपासून सांगत होता. आता तेवढंच पुन्हा सांगायचं."

मी विचारलं, "त्याचं काय होईल?"

"बेफिकिरी ठरली तर नोकरी राहत नाही. पण तुम्ही कशाला त्याचा विचार करता? तुम्ही तर खरं तेच सांगणार."

मी हो म्हणालो. मला ते खरंच वाटतं. बोट वर दिसलं म्हणून मी उचललं. माझे डोळे खोटं बोलत नाहीत. पण चहा पूर्ण प्यायला गेला नाही, आणि घरी आल्यावर त्या रिकाम्या घरात मला भीती वाटली, कशाची ते नीट सांगता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

क्रेन बंद आहे, कॅमेरे चालू आहेत. चष्मेवाली खोलीत आली. डोळे सुजलेले होते. "काका, खुर्चीत बसा," म्हणाली. मी म्हणालो, मला तुझं काही ऐकायचं नाही. ती म्हणाली, "ऐकू नका. नुसतं बघा." "हिचा आवाज टॉवरवरून येत नाही, सरळ येतो," म्हणत माझ्यासमोर वॉकीटॉकी ठेवून खाली गेली. गेटवर आजही रांग होती.

पडद्यावर ती यार्डातून चालत येताना दिसत होती. वॉकीटॉकी बोलायला लागली. "काका, मी जागेवर येऊन उभी आहे." पडद्यावर ती अजून चालतच होती. "आता उजवा हात वर केला." चालत होती. "खाली घेतला. आता डावा वर." पडद्यावर ती थांबली, केस मागे सारले. "डावा खाली. आता बसतेय." आणि मग तिने उजवा हात वर केला.

मी म्हणालो, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. पुन्हा कर म्हणालो. चौथ्या वेळी ती म्हणाली, "काका, किती वेळा?" मला ती शिंक आठवली. दोन शिंका नव्हत्याच.

चिकटपट्टी मीच काढली. पडद्यावरही तिच्याकडे बघायची लाज वाटली. तसाच साहेबांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, त्याचा इशारा उशिरा नव्हता. चित्र उशिरा होतं. ते तसं मी मागून घेतलं, ठिपका मी झाकला, आणि तुम्हाला चष्मेवालीने बजावलं होतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "तुम्हाला कळतंय का काय बोलताय? हे तुमच्या गळ्याशी येईल."

"येऊ दे."

"आणि हे तुम्ही चौकशीत बोलणार?"

"बोलणार."

"मग उद्यापासून येऊ नका. चौकशीला बोलावतील तेव्हाच या."

मी बाहेर पडलो. गुडघ्यांना कळ लागली होती तरी जिना न थांबता उतरलो. खोटं कशाला लिहू, मला आत कुठेतरी मोठं झाल्यासारखं वाटत होतं. स्वतःची नोकरी पणाला लावून मेहुण्याचं नाव साफ केलं होतं मी. उद्या त्याला जाऊन सांगायचं असं ठरवलं. ही पण तिथे असेल. तिलाही ऐकू दे.

१८ मार्च, मंगळवार

दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दवाखान्यात गेलो. ही बाहेर बाकावर बसली होती. माझ्याकडे पाहिलं आणि पाय जवळ घेतले, तेवढंच.

मेहुणा उशीला टेकून बसला होता. उजवा हात पट्ट्यांत गुंडाळून मानेला अडकवलेला. दाढी वाढली होती. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणालो, त्यांचा चेहरा कसा झाला. चष्मेवालीने हात वर करून दाखवला तेही सांगितलं. म्हणालो, "तुझी काही चूक नव्हती. माझ्या डोळ्यांचीही नव्हती. चित्राची चूक होती. तुझ्या नोकरीला आता कुणी हात लावणार नाही."

तो ऐकत राहिला.

"चित्र उशिरा आलं," म्हणाला. "आणि आवाज?"

"आवाज काय?"

"मी थांबा म्हणालो होतो, दाजी. पट्टा सरकलाय म्हणालो होतो. हात घालायच्या आधी म्हणालो. क्रेन हलली नाही, म्हणून मला वाटलं तुम्ही थांबलात. ते तुम्हाला वेळेवर ऐकू आलं?"

मी म्हणालो, "आलं."

"मी कामावर आलो त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला शिकवलं होतं. उचला एकानेच म्हणायचं. पण थांबा कुणीही म्हणू दे, गेटवरून जाणारा वाटसरू म्हणू दे, क्रेन थांबलीच पाहिजे. कोण म्हणतोय ते बघायचं नाही. तुमचे शब्द आहेत हे."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.

"खरं सांगा," तो म्हणाला. "माझ्या जागी दुसरा कुणी थांबा म्हणाला असता, तर थांबला असता?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की कुणाचंही ऐकलं नसतं, असं म्हणता आलं असतं. तो कदाचित तेच ऐकायची वाट बघत होता. मी त्या दिवसातला तो क्षण पुन्हा आठवून पाहिला, आणि त्या आवाजाच्या जागी दुसऱ्या कुणाचाही आवाज घालून पाहिला. झेरॉक्सवाल्याचा. चष्मेवालीचा. ज्याचं तोंडही बघितलेलं नाही अशा ट्रकवाल्याचा.

"थांबलो असतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. रागावला नाही, रडला नाही. डाव्या हाताने चादर वर ओढून घेतली.

"ताईला आत पाठवा," म्हणाला. "आणि तुम्ही परत येऊ नका."

मी बाहेर आलो. ही बाकावरून उठली आणि तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलून विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हणालो, तुला बोलावतोय.